हे पुन्हा भरेल का, आणि कधी? नैसर्गिक संसाधनं ओळखून वापरायची माझी पद्धत

माझ्या भाचीनं शाळेच्या वहीत मधोमध रेघ मारून दोन रकाने केले होते. डावीकडे नवीकरणीय: सूर्यप्रकाश, वारा, पाणी, जंगल, माती. उजवीकडे अनवीकरणीय: कोळसा, खनिज तेल, नैसर्गिक वायू, धातू. "मावशी, बोअरवेलचं पाणी डावीकडेच ना?" तिनं विचारलं, आणि मला चटकन 'हो' म्हणता येईना. मी भूवैज्ञानिक आहे. गेली २२ वर्षं जमिनीत भोकं पाडून वर काढलेले दगड वाचते आणि त्या भोकांमधली पाण्याची पातळी मोजते. काही ठिकाणचं पाणी दर पावसाळ्यात भरून येतं. काही ठिकाणचं पाणी माणूस शेती करायला शिकला त्याच्याही आधी खडकात मुरलेलं असतं आणि त्यानंतर त्यात जवळजवळ काहीच भर पडलेली नसते. दोन्हीला आपण भूजलच म्हणतो. आता ते कुठल्या रकान्यात लिहायचं?

त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी ती मधली रेघ खोडली आणि वहीच्या नव्या पानावर चार प्रश्न लिहिले. ही वस्तू मुळात कशातून आली? ते मूळ किती वेगानं भरतं? आपण ते किती वेगानं उपसतो? आणि वापरून झाल्यावर त्याचं काय होतं? घरातल्या कुठल्याही वस्तूला हे चार प्रश्न विचारता येतात. तुम्हीही एक वही घ्या, चार प्रश्नांचे चार रकाने आखा, प्रत्येक वस्तूला एक ओळ द्या, आणि पेन्सिलनं लिहा, कारण पुढे माहिती वाढली की उत्तरं बदलावी लागतात.

आधी मुळापर्यंत जा

सुरुवात अंगावरच्या शर्टापासून करा. लेबलवर सुती आणि पॉलिएस्टरचं प्रमाण लिहिलेलं असतं. लेबल फाटलं असेल तर आतल्या शिवणीपाशी सुटलेले एक-दोन धागे ओढून काढा आणि जाळून बघा. धागा लांब चिमट्यात धरायचा, खाली स्टीलची ताटली, शेजारी पाण्यानं भरलेला पेला, खिडकी उघडी. मुलं सोबत असतील तर काडी मोठ्यांनीच ओढायची. सुती धागा झटकन पेटतो, कागद जळाल्यासारखा वास येतो, आणि मागे उरते ती करडी, बोटात घेतली की भुगा होणारी राख. पॉलिएस्टरचा धागा आधी ज्योतीपासून आक्रसून मागे सरतो, मग वितळतो, काळा धूर सोडतो आणि टोकाला एक टणक काळी गुठळी होते. ती पूर्ण गार झाल्याशिवाय हात लावू नका, वितळलेलं पॉलिएस्टर कातडीला चिकटतं आणि वाईट भाजतं. गार झाल्यावर नखानं दाबून बघा, फुटत नाही.

ती गुठळी म्हणजे खनिज तेल. समुद्रात मेलेले सूक्ष्म जीव तळाच्या गाळात पुरले गेले, कोट्यवधी वर्षं दाबाखाली आणि उष्णतेत राहिले, त्याचं तेल झालं. त्या तेलातून काढलेल्या रसायनांपासून धागा ओढला आणि तो तुमच्या शर्टात आला. पाण्याच्या पारदर्शक बाटलीचं प्लास्टिकही रसायन म्हणून हेच. राख झालेला धागा मात्र गेल्या एक-दोन वर्षांतल्या उन्हाचा, पाण्याचा आणि मातीचा.

इथे थांबलात तर उत्तर अर्धंच राहील. कापसाला खत लागतं. हवेतल्या नायट्रोजनपासून खत करण्याची कारखानदारी जर्मनीत ओपाउ इथे १९१३ साली सुरू झाली, आणि त्यासाठी लागणारा हायड्रोजन आज जगात बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायूपासून किंवा कोळशापासून काढतात. म्हणजे सुती धाग्याचंही एक मूळ तेल-वायूच्या थरात जाऊन पोचतं. म्हणून माझा नियम असा, की मूळ शोधताना निदान दोन पायऱ्या मागे जायचं.

विजेच्या बाबतीत तर हे फार जपून करावं लागतं. वीज हे मूळ नव्हे, ती फक्त ऊर्जा वाहून आणते. तारेतून आलेल्या विजेकडे बघून ती कोळशाची, धरणाची, अणुभट्टीची की पवनचक्कीची हे कळत नाही. वीज कंपनी कुठून किती वीज घेते हे शोधा आणि वहीत वीज ही एक ओळ न लिहिता तिच्या प्रत्येक मुळाला वेगळी ओळ द्या. हायड्रोजनचंही तसंच. गाडीच्या नळीतून फक्त पाण्याची वाफ निघते म्हणून इंधन स्वच्छ असं लगेच धरू नका, तो हायड्रोजन कशापासून काढला ते आधी विचारा.

भरण्याचा वेग

हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे, कारण माझं रोजचं काम इथेच येतं.

हवेतली वाफ सरासरी ९ दिवसांत पाऊस होऊन खाली येते आणि तिची जागा नवी वाफ घेते. गवत काही आठवड्यांत वाढतं, बांबू काही वर्षांत तोडायला येतो, इमारती लाकडाच्या झाडाला दशकं लागतात. सुपीक मातीचा एक सेंटिमीटर थर तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. शाळेच्या वहीत माती डावीकडे असते, पण एका माणसाच्या आयुष्यापुरतं बघितलं तर वाहून गेलेली माती परत येत नाही. माझ्या वहीत मी ती उजवीकडेच धरते आणि तिच्याशी तसंच वागते.

आता कोळसा. ड्रिलिंग करून वर आलेला दगडाचा दंडगोल म्हणजे कोअर. तो लांबट लाकडी किंवा पत्र्याच्या पेटीत खाचांमध्ये क्रमानं मांडलेला असतो, वरचा दगड पहिल्या खाचेत, खालचा शेवटच्या. पेटी उघडली की आधी मी ओल्या फडक्यानं कोअर पुसते. मळकट दिसणारा चिखलदगड ओला झाला की त्याच्या रेघा उठून दिसतात. मग हात कोळशाच्या थरावर येतो. तो हाताला बाकीच्या दगडापेक्षा हलका लागतो, बोटांना काळं लागतं, आणि नीट पाहिलं तर चकचकीत आणि निस्तेज असे पट्टे एकाआड एक दिसतात. चकचकीत पट्टा बहुधा लाकडाचा असतो. कधी त्याच्या वरच्या चिखलदगडात पानाचा ठसा मिळतो, शिरांसकट. तसा ठसा समोर आला की मी अजूनही काही क्षण काम थांबवते.

आपण हिशेब करू. समजा त्या थराची जाडी ४० सेंटिमीटर आहे. कोळसा होण्याआधी तो दलदलीत साचलेल्या वनस्पतींचा थर होता, त्याला पीट म्हणतात. पीट साधारण वर्षाला एक मिलिमीटर साचतं. दबून त्याची जाडी एक दशांश झाली असं धरलं तर आधी ४ मीटर पीट होतं, म्हणजे नुसतं साचायलाच ४००० वर्षं. त्यानंतर पुरलं जाणं, तापणं, पाणी आणि वायू निघून जाणं, यात कोट्यवधी वर्षं गेली. जगातल्या दगडी कोळशाचा मोठा भाग सुमारे ३६ ते २५ कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलींचा आहे.

आता त्या थराचा एक चौरस मीटर तुकडा घ्या. त्यात सुमारे ५२० किलो कोळसा भरतो. औष्णिक केंद्रात एक युनिट वीज करायला अर्धा ते पाऊण किलो कोळसा लागतो. आपण ६५० ग्रॅम धरू, म्हणजे ८०० युनिट मिळाले. पाणी तापवायचा १५०० वॅटचा हीटर रोज ३ तास चालला तर दिवसाला साडेचार युनिट जातात. ८०० युनिट सहा महिन्यांच्या आत संपतात. ४००० वर्षांची दलदल, आणि एका घरातला एक हीटर.

हा ८०० युनिटचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

धातूंच्या बाबतीत भरण्याचा वेग मोजण्यात अर्थ नाही. तांबं, लोखंड, ॲल्युमिनियम नव्यानं तयार होत नाहीत, पृथ्वी बनली तेव्हाच ते तिच्यात आले. निसर्गानं केलं ते इतकंच, की विखुरलेला धातू एका जागी गोळा केला. त्या गोळा करण्यालाच लाखो-कोट्यवधी वर्षं लागतात, आणि आपण खाणीतून जे घेतो ते खरं म्हणजे हे एकत्र असणं. ते पुढे चौथ्या प्रश्नात कामाला येईल.

उपशाचा वेग

इथे बहुतेकांची चूक होते, कारण नवीकरणीय म्हटलं की कितीही काढा असं वाटतं. कॅल्क्युलेटर घ्या आणि हे माझ्याबरोबर करा. एका जंगलात १०,००० घनमीटर लाकूड उभं आहे आणि ते वर्षाला ३% वाढतं. म्हणजे पहिल्या वर्षी ३०० घनमीटर. दरवर्षी ३०० काढलं तर जंगल तसंच राहतं. आता ३०० ऐवजी ४०० काढा. दरवर्षी शिल्लक गुणिले १.०३, वजा ४००. दहा वर्षांनी ८८५४ उरतात. जंगलात फिरून आलेल्या माणसाला यात काही बिघडलंय असं वाटणार नाही. तीस वर्षांनी ५२४२. चाळीस वर्षांनी २४६०. आणि ४७ व्या वर्षी जंगल संपतं. शेवटच्या सात वर्षांत जेवढं लाकूड जातं, तेवढं जायला सुरुवातीला जवळजवळ दोन दशकं लागली होती. म्हणून जंगल, मासे, भूजल यांच्याबाबत 'अजून तर भरपूर आहे' हे वाक्य मला कधीच पुरेसं वाटत नाही. किती आहे यापेक्षा गेल्या वर्षीपेक्षा किती कमी झालंय ते विचारा.

वाढीएवढंच तोडायचं हे तत्त्व नेमक्या शब्दांत मांडणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत एक खाण अधिकारी होता, याचं मला भूवैज्ञानिक म्हणून फार अप्रूप आहे. जर्मनीतल्या सॅक्सनीत चांदीच्या खाणींना आणि भट्ट्यांना लाकूड पुरेनासं झालं होतं. तिथल्या हान्स कार्ल फॉन कार्लोवित्झनं १७१३ साली लिहिलं, की लाकूड कायम मिळत राहायचं असेल तर पुन्हा लावून आणि राखूनच वापरलं पाहिजे. आज ज्याला आपण शाश्वत वापर म्हणतो त्या शब्दाचं मूळ तिथे सापडतं.

समुद्रात हेच उलट्या बाजूनं घडलं. कॅनडात न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यासमोर कॉड मासा शतकानुशतकं मिळत होता. १९६८ साली तिथे सुमारे ८ लाख टन कॉड पकडला गेला. २ जुलै १९९२ रोजी कॅनडा सरकारला ही मासेमारी बंद करावी लागली आणि ३० हजारांहून जास्त लोकांचा रोजगार गेला. बंदी ३० वर्षांहून जास्त टिकली. मासे अंडी घालणं विसरले नव्हते, त्यांच्या वाढीपेक्षा जाळी वेगानं भरत होती.

जमिनीतली उष्णतासुद्धा याला अपवाद नाही. कॅलिफोर्नियात द गीझर्स नावाच्या ठिकाणी जमिनीतल्या वाफेवर १९६० पासून वीज होते. उष्णता खालून येतच होती, पण वाफ व्हायला लागणारं खडकातलं पाणी परत मुरण्यापेक्षा वेगानं बाहेर काढलं गेलं, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस दाब आणि वीज दोन्ही घसरू लागले. मग १९९७ पासून आसपासच्या वस्त्यांचं शुद्ध केलेलं सांडपाणी नळानं आणून जमिनीत सोडायला सुरुवात झाली आणि घसरण सावरली. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं. इथे वेग मोजला, चूक ओळखली, आणि दुरुस्तही करता आली.

न भरणाऱ्या साठ्यांचा हिशेब वेगळा. 'अमुक खनिज अजून १०० वर्षं पुरेल' असं वाचलं की दोन गोष्टी तपासा. एक, हा आकडा एकूण साठ्याचा आहे की आजच्या तंत्रानं आणि आजच्या भावात काढता येण्याजोग्या साठ्याचा? दुसरा आकडा भाव वाढला की वाढतो, त्यामुळे शंभर वर्षं पुढे सरकतही राहतात. दोन, वापर आजच्याएवढाच राहील असं गृहीत धरलंय का? वापर दरवर्षी ३% वाढला तर शंभर वर्षांचा साठा ४७ व्या वर्षी संपतो. जंगलाचाही आकडा ४७ च होता, आणि तो योगायोग नाही. गणित तेच आहे, फक्त जंगलात वाढ आपल्या बाजूनं होती आणि खाणीत ती आपल्याविरुद्ध आहे.

वापरून झाल्यावर काय होतं?

कोळसा, तेल, वायू जळले की संपले. कार्बन हवेत जातो, उष्णता विखुरते. त्यांच्यापुढे वहीत 'जळतं' असं लिहायचं आणि पुढे जायचं.

धातूचं तसं नाही. ॲल्युमिनियमचा जुना डबा वितळवला की पुन्हा ॲल्युमिनियमच मिळतं. खाणीतून नवं करायचं तर एक टन ॲल्युमिनियमला सुमारे चार टन बॉक्साइट आणि प्रचंड वीज लागते, किलोला साधारण १४ युनिट. जुनं वितळवायला त्या ऊर्जेच्या सुमारे ५% पुरते. तांब्याच्या खाणीत धातुकात ०.६% तांबं असलं तरी खाण चालते, म्हणजे एक टन दगड फोडून ६ किलो. तुमच्या कपाटात पडलेल्या जुन्या वायरीतलं तांबं जवळजवळ शुद्ध असतं. म्हणून जुन्या वायरी, मोटारी, बंद पडलेले चार्जर घरात साठवू नका आणि कचऱ्यातही टाकू नका, भंगारात किंवा ई-कचऱ्यात द्या. एक विनंती: तांबं मोकळं करायला वायरी जाळू नका. आवरणाचं प्लास्टिक जळताना निघणारा धूर विषारी असतो.

धातू नष्ट होत नाही, पण विखुरतो. रंगात गेलेलं जस्त, मोबाइलच्या सर्किटवर मिलिग्रॅमनं बसलेलं सोनं, चाकाच्या घर्षणानं झिजलेलं लोखंड हे परत गोळा करणं अवघड किंवा अशक्य. मघाशी म्हटलेलं एकत्र असणं आपण असं घालवतो. म्हणून चौथ्या रकान्यात 'जळतं', 'विखुरतं' आणि 'परत मिळतं' असे तीनच शब्द वापरा, तेवढ्यात बरंच काही उलगडतं.

फॉस्फरस 'विखुरतं' या गटातला, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. त्याच्याशिवाय कुठलीही वनस्पती वाढत नाही आणि त्याला दुसरा पर्याय नाही. आपण तो फॉस्फेटच्या खडकातून खणतो, शेतात टाकतो, तो पिकात जातो, काही भाग पावसाबरोबर वाहून समुद्राच्या तळाशी. नाउरू हे प्रशांत महासागरातलं अवघं २१ चौरस किलोमीटरचं बेट, फॉस्फेटसाठी विसाव्या शतकभर खणलं गेलं आणि त्याचा मोठा भाग चुनखडकाचे सुळके उरलेला उजाड प्रदेश झाला. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी ओला कचरा आणि शेण मातीत परत घालावं, असं मी नेहमी सांगते. खताचे पैसे वाचतात म्हणून तर घालाच, पण फॉस्फरस मातीत राहावा म्हणूनही घाला.

आणि एक हेलियम. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात गुंटूरहून निरीक्षण करणाऱ्या जान्सेन या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाला सूर्याच्या वर्णपटात एक अनोळखी पिवळी रेघ दिसली, ती याची. पृथ्वीवरचा हेलियम खडकातल्या युरेनियम आणि थोरियमच्या किरणोत्सर्गातून हळूहळू तयार होतो आणि नैसर्गिक वायूबरोबर अडकून राहतो. एमआरआय यंत्राचं चुंबक उणे २६९ अंशांवर ठेवायला तो लागतो. हवेत सुटला की इतका हलका असल्यानं वर जाऊन अखेर अवकाशात निसटतो. वाढदिवसाच्या फुग्यात हेलियम भरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कुठल्या कामाला काय वापरावं

वही भरत आली की वापर बदलायचा. माझी पद्धत सोपी आहे: जे परत मिळत नाही ते अशाच कामाला ठेवायचं जिथे दुसरं काही चालत नाही.

आंघोळीचं पाणी तापवणं हे सगळ्यात कमी प्रतीच्या ऊर्जेचं काम, ५०-६० अंशांपुरतं. त्याला १५०० वॅटचा हीटर लावणं म्हणजे कोट्यवधी वर्षांचा कोळसा हजारभर अंशांवर जाळून, वाफ करून, वीज करून, शेवटी पाणी कोमट करणं. आता ते ८०० युनिट आठवा. भरपूर ऊन असलेल्या ठिकाणी एका चौरस मीटरवर दिवसाला साधारण ५ युनिट एवढी ऊर्जा पडते. साध्या सौर बंबानं त्यातली निम्मी पाण्यात उतरवली असं धरलं तर दिवसाला अडीच युनिट झाले. ३२० दिवसांत ८००. खालच्या एक चौरस मीटर कोळशानं जे एकदाच दिलं, ते वरचं एक चौरस मीटर छप्पर वर्षाच्या आत देतं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा देतं. हा हिशेब केला त्या आठवड्यात मी घरातला हीटर बदलला.

उलट औषधं, सलाईनच्या नळ्या, रक्ताच्या पिशव्या, विमानाचं इंधन यांसाठी आज तरी तेलाची जागा सहज घेता येत नाही. ते तेल तिथे पुरावं म्हणून इतरत्र वाचवायचं.

सौर पॅनेल आणि पवनचक्क्यांबद्दल खरं ते सांगते. ऊन आणि वारा संपत नाहीत, सूर्य अजून सुमारे ५०० कोटी वर्षं तेवत राहील. पण ऊन पकडणारं पॅनेल सिलिकॉन, काच, ॲल्युमिनियम, चांदी आणि तांब्याचं असतं, बऱ्याच पवनचक्क्यांत निओडिमियमची चुंबकं असतात, बॅटरीत लिथियम असतं. प्रवाह नवीकरणीय, तो धरणारं भांडं अनवीकरणीय. म्हणून पॅनेल घेताना ते किती वर्षं टिकेल आणि जुनं झाल्यावर परत कोण घेईल, हे विकणाऱ्याला विचारा आणि उत्तर बिलावर लिहून घ्या. तरीही मी सौर ऊर्जेच्याच बाजूची आहे. कोळसा चौथ्या रकान्यात 'जळतं' आहे, पॅनेलचा धातू 'परत मिळतं' होऊ शकतो.

वाळूबद्दल एवढंच, की वाळवंटातली वाळू वाऱ्यानं घासून गोल झालेली असते, काँक्रीटमध्ये ती नीट पकड धरत नाही. बांधकामाला नदीची लागते, आणि नदी ती हळूहळूच आणते. जुन्या बांधकामाचा राबिट पायाच्या भरावात वापरता येत असेल तर वापरा.

आणि बोअरवेलचं पाणी

भाचीचा प्रश्न अजून बाकी आहे. भूजलाचं उत्तर पुस्तकात मिळत नाही, तुमच्याच विहिरीत मिळतं. प्रयोगशाळेत पाण्याचं वय काढता येतं. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे पावसात ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजन, आलं. त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, म्हणजे एवढ्या काळात ते निम्मं होतं. पाण्यात ते सापडलं तर पाणी अलीकडचं. ते नसेल तर कार्बन-१४ या किरणोत्सर्गी कार्बनवरून हजारो वर्षांचं वयही काढतात. लिबिया आणि इजिप्तच्या वाळवंटाखाली असलेल्या न्यूबियन वालुकाश्मातलं पाणी सहारा आजच्यासारखा कोरडा नव्हता तेव्हाचं आहे. ते खाणीसारखंच काढलं जातं. पण घरी एवढं करायची गरज नाही, पातळी मोजली तरी पुरतं.

पंप बंद करून रात्र जाऊ द्या आणि सकाळी मोजा. मी नवखी असताना पंप बंद होऊन अर्धा तासही झाला नसताना एक विहीर मोजली होती आणि पातळी खोल गेल्याचा अहवाल दिला होता. दुसऱ्या दिवशी तीच पातळी कितीतरी वर होती. एका कुटुंबानं माझ्या आकड्यावर विसंबून आणखी खोल खोदायचं ठरवलं होतं, ते वेळीच थांबवता आलं. तेव्हापासून वेळ लिहिल्याशिवाय मी एकही आकडा लिहीत नाही.

स्टीलचा लांब टेप घ्या, टोकाला छोटं वजन बांधा. टेपच्या शेवटच्या दीड मीटरला सुताराचा निळा खडू चोळा. विहिरीच्या काठावर किंवा बोअरच्या पाइपच्या तोंडावर एक पक्की खूण करा, मोजणी नेहमी तिथूनच. उघड्या विहिरीवर एकट्यानं जाऊ नका, वाकू नका. टेप खाली सोडा, टोक पाण्यात बुडाल्याचं हाताला जाणवलं की आणखी थोडा सोडा आणि टेपवरचा एखादा पूर्ण मीटरचा आकडा खुणेशी टेकवा. समजा १५. आता टेप वर ओढा. जिथपर्यंत पाणी लागलं तिथपर्यंत खडू गडद झालेला दिसेल. ओला भाग ६२ सेंटिमीटर असेल तर पाणी १५ वजा ०.६२, म्हणजे १४.३८ मीटरवर आहे. टेप पुसून, पुन्हा खडू लावून दुसऱ्यांदा मोजा. दोन आकड्यांत एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

हे वर्षातून दोनदा करा, पाऊस सुरू होण्याआधी आणि संपल्यानंतर, दरवर्षी त्याच तारखांच्या आसपास. पावसानंतरची पातळी दरवर्षी साधारण तिथेच येत असेल तर तुमचं पाणी डाव्या रकान्यातलं. एखाद्या कोरड्या वर्षी ती खाली गेली तर घाबरू नका, पण चांगला पाऊस होऊनही ती वर्षागणिक उतरत असेल तर तुम्ही उजव्या रकान्यातून पाणी पिताय. अशा वेळी आणखी खोल बोअर मारू नका. आधी छपराचं पाणी गाळून जमिनीत मुरवायची सोय करा आणि शेजाऱ्यांनाही मोजायला लावा, कारण खडकातलं पाणी कुंपण मानत नाही.

भाचीनं तिच्या घरच्या बोअरची पहिली मोजणी मागच्या महिन्यात केली. वहीत लिहिलंय: सकाळी साडेसहा, पंप रात्री नऊपासून बंद, पाइपच्या तोंडापासून २१.०७ मीटर, दुसऱ्यांदा २१.०६. शेवटचा रकाना तिनं मोकळा ठेवलाय.